ट्रॅव्हल ट्रेलरखाली लोंबणारी वायर: टाय मारूनही पुन्हा का सुटते, आणि कायमची कशी बसवायची

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. त्याखाली वाकून पाहिलं की एखादी वायर लोंबताना दिसते. केबल टाय मारून ती वर बांधली जाते. दोन सहली बऱ्या जातात आणि तिसऱ्या वेळी तीच वायर पुन्हा खाली आलेली असते. कधी वायर जागच्या जागी असते, पण उजवा इंडिकेटर बंद पडलेला असतो. मग प्लग बदलला जातो, फ्यूज बदलला जातो, दिवाही बदलून होतो. आजार रेड्याला अन् औषध पखालीला.

वायर लोंबते कारण तिला मधे आधार नसतो. आधार नसला की ती हलते, हलली की लोखंडाच्या कडेवर घासते किंवा जोडातून सैल होते. टाय मारल्यावर लोंबणं थांबतं, घासणं थांबतं असं नाही. उलट धारदार कडेलाच वायर आवळून बांधली तर ती आधीपेक्षा लवकर कापली जाते. म्हणून काम करताना प्रत्येक दोन फुटांवर एकच प्रश्न विचारायचा: ही वायर कशाच्या तुलनेत हलते?

इथले रंग, व्होल्टेज आणि मापं अमेरिका-कॅनडातल्या ट्रेलरची आहेत. युरोपातल्या कॅराव्हॅनचा प्लग आणि रंग दोन्ही वेगळे असतात, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

आधी लक्षण, मग वायर

खाली शिरण्याआधी बिघाड कोणत्या सर्किटचा आहे ते ठरवलं की अर्धा वेळ वाचतो.

टेल लाइट आणि छताच्या कडेचे मार्कर दिवे एकदम गेले, ओढणाऱ्या गाडीचा फ्यूजही उडाला, तर टेलची वायर कुठेतरी चॅसिसला लागली आहे. हे सर्व दिवे एकाच वायरवर असतात, त्यामुळे शॉर्ट खालीच असेल असं नाही. मार्कर दिव्यामागे भिंतीत मारलेला स्टेपलही तेच करतो.

फक्त वळताना किंवा खड्ड्यात फ्यूज उडत असेल तर वायर झिजलेली आहे, पण अजून पूर्ण टेकलेली नाही. हा सर्वांत त्रासदायक प्रकार. त्याची युक्ती पुढे दिली आहे.

दिवे मंद आहेत, ब्रेक लावला की इंडिकेटर वेडावाकडा लुकलुकतो, गाडी हलली की दिवा कमी-जास्त होतो: पांढरी ग्राउंड वायर तपासा. तिचा जोड गेला की करंट हिचच्या, म्हणजे गाडी-ट्रेलर जोडणीच्या, बॉलमधून परततो. रंग आणि ग्रीस लागलेला बॉल त्या कामाचा नाही.

ओढणाऱ्या गाडीतला, ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर मधूनमधून 'ट्रेलर जोडलेला नाही' किंवा 'शॉर्ट' असं दाखवतो: निळी वायर, आणि बहुतेक वेळा ॲक्सलजवळचा भाग.

ट्रेलर ओढताना जड वाटतो आणि चाकाचे ड्रम तापतात: निळ्या वायरला शेजारच्या १२ व्होल्टच्या काळ्या वायरचा स्पर्श होतोय, किंवा ब्रेकअवे स्विचमध्ये (ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावणारा स्विच) पाणी गेलंय. यात ट्रेलर एक मैलही पुढे नेऊ नका. निळी वायर चॅसिसला लागली तर ब्रेक लागत नाहीत, बॅटरीला लागली तर सुटत नाहीत. दिव्याचा बिघाड झाला तर दंड होईल. हा बिघाड त्याहून फार मोठा आहे.

बॅटरीजवळून थांबून थांबून 'टक्' असा बारीक आवाज येत असेल तर तो आपोआप पुन्हा जोडला जाणारा छोटा सर्किट ब्रेकर आहे. शॉर्ट झाला की तो तुटतो, थंड झाला की जोडतो आणि पुन्हा तुटतो. त्या काळात वायर तापत राहते. बॅटरी लगेच सोडवा.

खाली जाण्याआधी

ट्रेलर सपाट, टणक जमिनीवर. दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून अडसर. पुढचा टंग जॅक (टंग म्हणजे ट्रेलरचा पुढचा जोडदांडा) नीट टेकलेला. कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, वजन पेलण्यासाठी नाहीत. त्यांच्या भरवशावर चाक काढून खाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. उंची हवी असेल तर चॅसिसच्या मुख्य बीमखाली, स्प्रिंग हँगरजवळ, दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावा. ॲक्सलच्या नळीखाली जॅक लावू नका, नळी वाकते आणि टायर एका बाजूने झिजायला लागतात. बहुतेक तपासणी उचलल्याशिवायच होते. पुठ्ठा अंथरा, डोक्याला दिवा लावा आणि सरपटत जा. डोळ्यांवर चष्मा हवाच, खाली नुसता गंज आणि वाळू पडत असते.

वीज तोडण्याचा क्रम: कॅम्पग्राउंडची किंवा घरची ३० किंवा ५० ॲम्पियरची केबल काढा. जनरेटर बंद. इन्व्हर्टर असेल तर बंद. सोलर पॅनेल असेल तर ते कंट्रोलरपासून तोडा. सात पिनांचा प्लग ओढणाऱ्या गाडीतून काढा. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधा. नुसता बॅटरी कटऑफ स्विच पुरत नाही, कारण ब्रेकअवे स्विच आणि बऱ्याच ट्रेलरांत इलेक्ट्रिक टंग जॅक हे कटऑफच्या आधीच बॅटरीला जोडलेले असतात. कटऑफची गुंडी फिरवून निवांत खाली गेलेल्या माणसाच्या पान्याखाली याच वायरमधून ठिणगी उडते. गॅस सिलिंडरचे व्हॉल्व्हही बंद करा. गॅसची नळी याच चॅसिसवरून जाते.

कोणती वायर कशाची

सात तारांच्या ट्रेलर केबलचे दोन रंगसंच चालतात आणि इथेच निम्मे घोटाळे होतात. ट्रॅव्हल ट्रेलर बनवणारे कारखाने बहुधा असे रंग वापरतात: पांढरी ग्राउंड, काळी १२ व्होल्ट चार्जिंग, निळी ब्रेक, हिरवी टेल आणि मार्कर, लाल डावा इंडिकेटर-ब्रेक दिवा, तपकिरी उजवा, पिवळी रिव्हर्स. दुकानात मिळणारी सुटी केबल किंवा प्लग मात्र बऱ्याचदा दुसऱ्या संचाचा असतो: तपकिरी टेल, पिवळी डावा, हिरवी उजवा. पांढरी, काळी आणि निळी दोन्हींत सारखीच. त्यामुळे आधीच्या मालकाने 'रंगाला रंग' जोडला असेल तर टेल लावल्यावर उजवा इंडिकेटर लागतो. जोडणी नेहमी कामावरून करा आणि मीटरने पडताळा. डावीकडचा ब्रेक दिवा आणि डावा इंडिकेटर अमेरिकी ट्रेलरात एकाच वायरवर असतात, हेही लक्षात असू द्या.

आता खरा धोका. ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे पॉझिटिव्ह आणि पांढरी म्हणजे निगेटिव्ह. त्याच ट्रेलरच्या १२० व्होल्टमध्ये काळी म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. त्यामुळे खाली लोंबणारी काळी-पांढरी जोडी दिसली की ती '१२ व्होल्टचीच असणार' असं धरून चालू नका. ओळखायची सोपी खूण: १२ व्होल्टची वायर बारीक तारांच्या पिळाची, मऊ आणि सुटी असते. १२० व्होल्टची बहुधा एकेरी जाड तांब्याची, कडक, आणि चपट्या पांढऱ्या किंवा पिवळ्या आवरणात तिन्ही एकत्र असतात. आवरणावर गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, छापलेला असतो (आकडा लहान तितकी तार जाड). वीज चालू ठेवून तपासायची वेळ आली तर स्पर्श न करता चालणारा टेस्टर १२० व्होल्ट दाखवतो. १२ व्होल्ट डीसी तो कधीच दाखवत नाही. तो गप्प बसला म्हणून वायर मेलेली आहे असं समजू नका.

१२० व्होल्टची केबल खाली उघडी लोंबत असेल किंवा तिचं आवरण फाटलेलं असेल तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत आरव्हीसाठी (अशा चाकांवरच्या घरांसाठी) वेगळं ५५१ क्रमांकाचं प्रकरण आहे, त्याप्रमाणे मार लागण्यासारख्या जागी ही केबल कंड्युइटमध्ये (संरक्षक नळीत) हवी. हे काम प्रमाणित आरव्ही तंत्रज्ञाकडून करून घ्या आणि तोवर बाहेरची वीज जोडू नका. फेज चॅसिसला लागली आणि अर्थिंग तुटलेलं असलं तर ट्रेलरची सगळी धातूची कातडी जिवंत होते. ओल्या गवतात अनवाणी उभं राहून दाराची कडी धरणाऱ्याला त्याचा झटका बसतो.

एक उघडी तार मात्र मुद्दामच उघडी असते. चॅसिसला लगने (धातूच्या पकडीने) कसलेली, प्लास्टिक नसलेली किंवा हिरवी, ८ गेजची तांब्याची तार म्हणजे १२० व्होल्टच्या पॅनेलची अर्थिंगची तार. ती निरुपयोगी समजून कापली जाते, म्हणून मुद्दाम लिहिलं. तिचा लग गंजला असेल तर घासून पुन्हा कसा, तारेला हात लावू नका.

झिजण्याच्या ठरलेल्या जागा

इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलर बनतात आणि भराभर बनतात. चॅसिसच्या बीमला भोकं पाडलेली, भोकांच्या कडा तशाच, त्यातून वायरचा जुडगा ओढलेला, वर काळ्या नालीदार प्लास्टिकचा पत्रा स्क्रूने ठोकलेला. या पद्धतीमुळे बिघाडाच्या जागा जवळपास सगळीकडे सारख्याच सापडतात.

टंगवरचा जंक्शन बॉक्स किंवा नुसताच टेप गुंडाळलेला गोळा. आत घरातल्या वायरिंगला वापरतात तसले फिरवायचे प्लास्टिकचे टोपणजोड असतात. स्थिर भिंतीत ते ठीक. दर मैलाला शेकडो हादरे खाणाऱ्या ट्रेलरात ते सैल होतात. त्यातून पाणी वर चढतं आणि तांब्याची हिरवी भुकटी होते.

बीमची भोकं. ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारं रबरी कडं) आहे का ते बोटाने चाचपा, डोळ्यांनी वरची बाजू दिसत नाही. वायर कडेवर जिथे टेकते तिथे आवरण चकचकीत झालेलं असेल तर झीज सुरू झाली आहे, भले तांबं दिसत नसो.

चाकांच्या वरचा भाग. टायर फुटला की त्याची सुटी पट्टी चाबकासारखी फिरते आणि वरच्या वायरी ओरबाडते. टायर फुटल्यावर नवा टायर टाकून निघणारे पुष्कळ, पण वायर बघणारे कमी. मग पुढच्या मुक्कामी मागचे दिवे गेलेले असतात आणि संबंध लागत नाही.

खालच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे स्क्रू. पत्रा परत बसवताना स्क्रू थेट वायरमधून जातो. पत्रा काढल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल तर आधी शेवटी मारलेले स्क्रू काढून बघा. टोकाला तांब्याची तकाकी दिसली की चोर सापडला.

स्टॅबिलायझर जॅकची घडी. जॅक वर घेताना त्याच्या कात्रीत वायर चिमटते.

उंदीर. हिवाळाभर उभ्या ट्रेलरात पत्र्याच्या वर मऊ इन्सुलेशनमध्ये घरटं आणि शेजारी कुरतडलेल्या वायरी. पत्र्याला फुगा आलेला दिसला की तिथे पाणी तरी साठलंय किंवा घरटं तरी आहे.

मिशिगन, ओहायो, मिनेसोटा यांसारख्या, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांतला ट्रेलर असेल तर झिजण्यापेक्षा गंजाचा त्रास जास्त. तिथे वायर बाहेरून धडधाकट दिसते आणि आवरणाखाली तांबं काळं पडलेलं असतं. जोड कापल्यावर तांबं चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्यावर क्रिंप केलेला (दाबून बसवलेला) जोड वर्षभरही टिकत नाही.

पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्यांना चिकटलेल्या अगदी बारीक वायरी म्हणजे पातळी दाखवणारे सेन्सर. त्या तुटल्या तर टाकी रिकामी की भरलेली एवढंच कळत नाही. शेवटी बघितल्या तरी चालतात.

हलल्यावरच होणारा शॉर्ट

मीटरने असा शॉर्ट सापडत नाही, कारण ट्रेलर उभा असतो तेव्हा वायर टेकलेली नसते. आणि दर वेळी फ्यूज उडवून शोधायचं तर डबाभर फ्यूज लागतील. त्यापेक्षा बल्ब वापरा.

सात पिनांचा प्लग गाडीतून काढलेला, ट्रेलरच्या बॅटरीची निगेटिव्ह सुटलेली. एक वेगळी १२ व्होल्टची बॅटरी घ्या. तिच्या पॉझिटिव्हपासून १० ॲम्पियरचा फ्यूज, त्यापुढे ११५६ क्रमांकाचा एक साधा ब्रेक लाइटचा बल्ब, आणि बल्बची दुसरी बाजू प्लगच्या तपासायच्या पिनला. निगेटिव्ह प्लगच्या पांढऱ्या ग्राउंडच्या पिनला. हा बल्ब दोन ॲम्पियरच्या आसपास करंट घेतो, म्हणजे पुढे थेट शॉर्ट असला तरी त्याहून जास्त करंट वाहू शकत नाही. वायर तापत नाही, फ्यूज उडत नाही, बल्ब मात्र पूर्ण पेटतो.

ट्रेलरचे दिवे एलईडी असतील तर एरवी हा बल्ब विझलेलाच राहतो. जुने तारेचे बल्ब असतील तर तो मंद किंवा बऱ्यापैकी पेटेल. मग ट्रेलरचे बल्ब काढून ठेवा. आता एक जण बल्बकडे बघत बसेल, दुसऱ्याने टंगपासून मागे जात वायर एकेक फूट हलवायची, भोकांत मागेपुढे सरकवायची, ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याला धरून डुलवायचा. बल्ब जिथे लखकन पेटतो तिथे शॉर्ट. दोघं नसाल तर बल्बऐवजी १२ व्होल्टचा बझर लावून कानाने शोधता येतं, पण त्यातून करंट फारच कमी जात असल्यामुळे ओलसर जोडही तो शॉर्ट म्हणून दाखवतो.

निळ्या वायरवर ही युक्ती तशीच चालत नाही. ब्रेक लावणाऱ्या, प्रत्येक चाकाच्या ड्रममधल्या विद्युत चुंबकाचा, म्हणजे मॅग्नेटचा, रोध ३ ते ४ ओहमच असतो आणि चार मॅग्नेट समांतर जोडले की एकूण रोध १ ओहमच्या आत येतो. बल्ब तसाही पूर्ण पेटेल. आधी चारही चाकांजवळचे जोड सोडवा, मग निळी वायर तपासा.

ॲक्सलची वायर: इथे थांबून बघा

चालत्या ट्रेलरात खालची सगळी वायरिंग चॅसिससोबत हलते. ब्रेकची वायर एकटीच अशी की तिचं एक टोक चॅसिसवर आणि दुसरं ॲक्सलवर. खड्ड्यात ॲक्सल काही इंच वरखाली होतो. दर वेळी पुन्हा येणारा बिघाड बहुधा इथलाच असतो.

त्यातही एक जुनी सवय आडवी येते. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत वायर ॲक्सलच्या पोकळ नळीतून नेलेली असते. नळीत वायरला काहीच आधार नाही. ती आतल्या खडबडीत भिंतीवर आणि नळीच्या तोंडाच्या धारेवर वर्षानुवर्षं घासते. आत काय झालंय ते दिसत नाही. दोन्ही टोकं सोडवून नळीशी मीटरने तपासलं तर कित्येकदा ठीकच दाखवतो आणि रस्त्यावर लागलं की पुन्हा शॉर्ट. या वायरची दुरुस्ती करत बसू नका. दोन्ही टोकं कापून ती आतच सोडा, किंवा ओढून बाहेर काढा, आणि नवी केबल नळीच्या बाहेरून टाका.

नवी केबल १२ गेजची, दोन तारांची आणि वर जाड गोल आवरण असलेली घ्या. दोन सुट्या वायरी नळीत घालून वापरण्यापेक्षा हे बरं. केबल ॲक्सलच्या नळीच्या मागच्या अंगाला, थोडं वरच्या बाजूला बसवा, म्हणजे रस्त्यावरून उडणारा दगड आधी नळीला लागेल. मजबूत टायने दर १२ इंचांवर बांधा. ॲक्सलला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. चॅसिसवरून ॲक्सलवर उतरताना यू आकाराचा सैल झोका ठेवा: चाक पूर्ण खाली लोंबलेलं असताना केबल ताणली जाऊ नये आणि वर दाबलं गेलं तर झोका टायरला किंवा स्प्रिंगच्या पाट्यांना लागू नये. झोक्याची दोन्ही टोकं पक्की बांधा, मधला भाग मोकळा. पाट्यांना टाय मारून केबल बांधलेली दिसली तर सोडवा. पाटे एकमेकांवर सरकतात आणि टाय तोडतात.

जोडणी सोपी आहे. मॅग्नेटच्या दोन वायरी एकाच रंगाच्या असतात आणि कोणतीही एक निळीला, दुसरी पांढरीला चालते. परतीसाठी ॲक्सलवर भरोसा ठेवू नका, पांढरी वायर प्रत्येक चाकापर्यंत न्या.

तपासणी डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, घेताना बघून घ्या. गाडी जोडा, बॅटरी जोडा, टंगजवळ निळ्या वायरभोवती क्लॅम्प लावा आणि कंट्रोलरचा हाताने चालवायचा दांडा पूर्ण दाबायला सांगा. १० किंवा १२ इंची ड्रमच्या मॅग्नेटला सुमारे ३ ॲम्पियर लागतात: एका ॲक्सलच्या ट्रेलरला ६ च्या आसपास, दोन ॲक्सलला १२. बाराऐवजी नऊ आले तर एका चाकाचा जोड तुटलाय. चारही जोडलेले असून सगळीकडे थोडं थोडं कमी असेल तर वायर बारीक आहे किंवा मूळ जोड गंजलाय.

बारीक वायरचा हिशेब करून बघा. टंगपासून चाकांपर्यंत २५ फूट, जाऊन-येऊन ५० फूट, १२ ॲम्पियर. १४ गेजमध्ये दीड व्होल्ट वाटेतच जातो, १२ गेजमध्ये सुमारे एक व्होल्ट, १० गेजमध्ये ०.६. म्हणून मुख्य निळी आणि तिच्यासोबतची पांढरी १० गेजची असलेली चांगली, चाकांच्या फाट्यांना १२ पुरते.

ब्रेकअवे स्विच तपासायचा तर सात पिनांचा प्लग काढूनच स्विचची पिन ओढा, नाहीतर उलट दिशेने १२ व्होल्ट कंट्रोलरमध्ये घुसतात. पिन ओढल्यावर मॅग्नेटची गुणगुण ऐकू आली की झालं. लगेच परत घाला, बॅटरी भराभर उतरते.

जोड

निळ्या प्लास्टिकचे चिमटून लावायचे जोड, ज्यात पाती आवरण कापून तांब्याला टेकते, ते दिसतील तिथे काढून टाका. पाती काही तारा कापते, भोकातून पाणी आत जातं. खालच्या बाजूला नुसती काळी टेपही चालत नाही. एका उन्हाळ्यात तिचा डिंक होतो आणि ती उलगडते.

वापरायचे ते आत गोंद असलेले हीट श्रिंक बट कनेक्टर, म्हणजे दोन वायरींची टोकं समोरासमोर जोडणारे, तापवल्यावर आवळणारे नळीसारखे जोड. लाल २२ ते १८ गेजला, निळे १६-१४ ला, पिवळे १२-१० ला. आवरण ८ मिलिमीटरच्या आसपास सोला, तारा पिळा, रॅचेटवाल्या क्रिंपिंग पक्कडने दोन्ही बाजूंना एकेकदा दाबा आणि जोरात ओढून बघा. मग हीट गनने मधून बाहेर तापवा. दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब डोकावला की पाणीबंद झालं. लायटरची ज्योत लावली तर प्लास्टिक जळतं आणि गोंद आतच राहतो. साध्या पक्कडने चेपटवलेला जोड दिसायला तसाच, पण ओढला की हातात येतो.

डाग देऊन जोडणं मजबूत वाटतं, पण कथील वायरमध्ये वर चढतं आणि जिथे संपतं तिथे, कडक आणि मऊ भागाच्या सीमेवर, वायर हादऱ्यांनी तुटते. डाग द्यायचाच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन इंचांत आधार हवा. सगळ्या वायरींचे जोड एकाच जागी आणू नका, दोन-दोन इंच पुढेमागे घ्या. नाहीतर मधे एवढा गोळा होतो की क्लिपमध्ये बसत नाही.

टंगवर मात्र जोडांऐवजी वायरी कसायला सात स्टड असलेला झाकणबंद जंक्शन बॉक्स लावा. वायरी खालून आत घ्या, वरून नको. पुढच्या वेळी प्रत्येक सर्किट तिथेच वेगळं करून तपासता येतं.

बांधणी

वायरचा जुडगा चिरलेल्या नालीदार लूम नळीत घाला. अर्धा इंची बहुतेक ठिकाणी पुरते. चीर खाली करा, म्हणजे पाणी आणि वाळू आत साठत नाही. टोकांना आणि दर दोन फुटांवर कापडी हार्नेस टेपचे वेढे. लूम सैल सोडली तर तीच आत वायर घासते, म्हणून लूम घातली म्हणजे काम झालं असं नाही.

आधाराला रबराचं अस्तर असलेले पी-क्लिप (इंग्रजी P च्या आकाराचे), दर १८ इंचांवर. वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचा. क्लिप लूमवर घट्ट बसेल अशाच मापाचा घ्या; सैल क्लिपमध्ये वायर पुढेमागे सरकते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. स्क्रू बीमच्या उभ्या भागात मारा. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत भोक पाडू नका, बीमची ताकद तिथेच असते. भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते हाताने चाचपा: गॅसची नळी, पाण्याची नळी, दुसरी वायर. जिथे भोक नको वाटतं तिथे बीमच्या कडेवर ठोकून बसणाऱ्या क्लिप मिळतात.

टाय काळे, उन्हात टिकणारे, किमान ५ मिलिमीटर रुंद. पांढरे नायलॉनचे टाय उन्हाने आणि थंडीने ठिसूळ होतात. 'टाय मारला होता पण तुटला' यातले बहुतेक पांढरेच. टाय आवळा, पण बोटाने वायर किंचित फिरली पाहिजे. टोक सपाट कापा, नाहीतर पुढच्या वेळी मनगट ओरबाडेल. टायने वायर गॅसच्या नळीला, ब्रेकच्या स्टीलच्या केबलला किंवा सांडपाण्याच्या नळीला बांधू नका. उसाच्या ट्रॉलीची वायर सुतळीने कशालाही बांधलेली गावाकडे पाहिलेली असते, तो वारसा इथे नको.

बीमच्या प्रत्येक भोकात ग्रोमेट. वायर आधीच आत असेल तर एका बाजूने चिरलेला ग्रोमेट किंवा कडेवर बसवायची रबरी पट्टी चालते. आधी कानशीने कडा मोडा.

स्लाइड-आउटखालची (ट्रेलरच्या भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या खोलीखालची) वायर हा अपवाद. ती लोंबायलाच हवी. स्लाइड बाहेर जाते तेव्हा ती ताणली जाते आणि आत येते तेव्हा खाली झोका पडतो. हा झोका बघून तो वर आवळून बांधला की पुढच्या मुक्कामी स्लाइड उघडताना वायर उपटली जाते. दोन्ही टोकं पक्की करा, मधे लवचीक लूम घाला, आणि स्लाइड दोनदा पूर्ण आतबाहेर करून वायर कुठे अडकत नाही ना ते खाली बसून पाहा. आत असताना झोका ॲक्सलपेक्षा खाली येत असेल तरच तो थोडा कमी करा.

ग्राउंडचे बोल्ट सोडवा, खालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, रिंग टर्मिनल आणि चॅसिस यांच्यामध्ये दातेरी वॉशर घाला, कसा आणि वरून रंग किंवा ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून मग कसू नका.

२५ फुटी, दोन ॲक्सलच्या ट्रेलरला साधारण एवढं सामान लागतं: अर्धा इंची लूम ५० फूट, रबरी अस्तराचे पी-क्लिप ३०, निळे बट कनेक्टर २०, पिवळे १५, १२ गेजची दोन तारांची केबल २५ फूट, ग्रोमेटचा मिश्र डबा एक, काळे टाय १००, हार्नेस टेप दोन गुंडाळ्या, जंक्शन बॉक्स एक. फ्यूज मूळ होता त्याच आकड्याचे घ्या. मोठा फ्यूज घातला की तो उडत नाही, त्याच्याऐवजी वायर जळते.

काम झाल्यावर प्लास्टिकचा पत्रा लगेच बंद करू नका. दिवे आणि ब्रेक तपासा, प्रत्येक क्लिपजवळ वायरवर खडूने खूण करा, खडबडीत रस्त्याने ५० मैल फिरवून आणा, परत खाली जा आणि खूण सरकली आहे का ते बघा. खूण सरकलेली असेल तर तो क्लिप मोठ्या मापाचा आहे; एक माप लहान लावा आणि मगच पत्र्याचे स्क्रू मारा.